यमूला शारदा सदनात पाठवणाऱ्या गोष्टींनाही रविवारच्या पानावर जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं पुस्तकांचं पान मी न चुकता वाचते, आणि त्याच पानावर मध्यंतरी एका वाचकांचं पत्र आलं होतं की ही फॅन फिक्शन (आवडत्या पुस्तकातली किंवा मालिकेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या नव्या गोष्टी, थोडक्यात फॅनफिक) म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर डल्ला मारणं आहे आणि मुलांनी त्यापेक्षा खरी पुस्तकं वाचावीत. पत्र वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. त्यांच्याशी भांडायला म्हणून नाही लिहीत, पण मी गेली चौदा-पंधरा वर्षं हे वाचतेय, थोडंफार लिहितेय, आणि मला मनापासून वाटतं की तुमच्या पानावर चार ओळींची का होईना एक जागा या गोष्टींच्या शिफारशीला हवी. आमच्यात त्याला रेक म्हणतात. का हवी ते सांगते, आणि वर जिचं नाव घेतलंय ती 'पण लक्षात कोण घेतो'मधली यमू, तिच्याकडेही येते.

पुस्तकाला प्रकाशक असतो, प्रकाशन समारंभ असतो, अप्पा बळवंत चौकात दुकानाच्या काचेत ते उभं असतं, तुम्ही परीक्षण छापता. फॅनफिकला यातलं काहीच नाही. कुणीतरी रात्री पोरं झोपल्यावर मोबाईलवर टाईप केलेली एक पन्नास हजार शब्दांची प्रेमकथा असते, पैसे मिळत नाहीत, नाव खोटं असतं, आणि ती वाचकापर्यंत पोचते ती फक्त एकाच वाटेनं, दुसऱ्या वाचकानं सांगितलं म्हणून. हे सांगणं थांबलं की ती गोष्ट असून नसल्यासारखी.

मला पहिली अशी गोष्ट सांगितली माझ्या रूममेटनं. २०११ साल, 'इस प्यार को क्या नाम दूं' ही हिंदी मालिका चालू होती, हॉस्टेलच्या टीव्हीसमोर रोज रात्री आठ वाजता गर्दी, अर्णव आणि खुशी एकमेकांकडे बघत राहायचे आणि गोष्ट काही पुढे जायची नाही, आम्ही नुसत्या तडफडायचो. तर रूममेट म्हणाली अगं नेटवर लोकांनी यांचं पुढचं सगळं लिहून ठेवलंय, लग्न झालेलं, भांडण मिटलेलं, ऑफिसात दोघं एकत्र काम करतात असं, अर्णव डॉक्टर आहे असं, काय वाट्टेल ते. मी एक उघडली आणि पहाटे चारला मिटली. ती मालिका २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये संपली पण त्या दोघांवर लोक अजून लिहितायत, मी अजून वाचतेय, हिंजवडीला जाताना कंपनीच्या बसमध्ये दीड तास मिळतो त्यात माझं निम्मं वाचन होतं.

आता डल्ल्याबद्दल. भीम सौगंधिक कमळं आणायला निघतो आणि वाटेत एक म्हातारं वानर शेपटी आडवी टाकून बसलेलं असतं, भीमाला ती शेपटी हलत नाही, आणि मग कळतं की हा तर मारुती. रामायणातलं पात्र महाभारतात आलं. स्यमंतक मण्यासाठी जांबवान कृष्णाशी अठ्ठावीस दिवस लढतो, तोही रामायणातलाच. हे आपण लहानपणी आजीकडून ऐकलंय आणि आपल्याला कधी खटकलं नाही, उलट सगळ्यात जास्त मजा तिथेच यायची, की अरे हा इथे कसा! याला आम्ही क्रॉसओव्हर म्हणतो इतकंच. आणि मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली असं आपण शाळेत शिकलो, ती काय रामाची पात्रं चोरून? जात्यावरच्या ओव्या घ्या. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यातल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या वाचा. दळणाऱ्या बाईनं सीतेला स्वतःच्या शेजारी बसवलंय, तिच्या बाजूनं बोललीये, जे पोथीत नाही ते तिला दिलंय. मला फॅनफिक वाचताना नेहमी त्या बायकांची आठवण येते, हे काही मी पत्रात शोभावं म्हणून लिहीत नाहीये.

बरं, आता ज्यांनी कधीच काही वाचलं नाही त्यांनी कुठून सुरुवात करावी, तर माझं मत पक्कं आहे, जेन ऑस्टिनपासून. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ चं, हक्काबिक्काचा काही प्रश्न नाही, आणि त्यावरच्या प्रेमकथा हजारोंनी आहेत. कारण त्या कादंबरीत मधोमध एक असा प्रसंग आहे की तिथून गोष्ट कुठेही वळू शकते. नायक डार्सी नायिका एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो आणि ती तोंडावर नाही म्हणते. समजा ती हो म्हणाली असती तर? घरच्यांच्या दडपणानं, धाकट्या बहिणींचा विचार करून? म्हणजे नावडत्या माणसाशी लग्न आणि मग हळूहळू, फार हळूहळू कळणं की हा माणूस तसा नाही. आपल्याकडे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातून लग्न झालेल्या कितीतरी बायकांना ही गोष्ट आतून माहितीये. याला स्लो बर्न म्हणतात आणि प्रेमकथेत मला हाच प्रकार सगळ्यात आवडतो, नुसता हात हातात येईपर्यंत वीस प्रकरणं गेली पाहिजेत. ज्या गोष्टीत तिसऱ्या पानावर मिठी आहे ती मी कुणाला सुचवत नाही.

आईला मी या नादाला लावलं ते घना-राधामुळे. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२ मध्ये घरोघरी बघितली गेली, घरच्यांसाठी म्हणून खोटं लग्न करायचं आणि नंतर वेगळं व्हायचं असं ठरवलेले दोघं. फॅन फिक्शनच्या जगात खोट्या लग्नाची गोष्ट हा एक अख्खा मोठा प्रकार आहे, जगभरातले लोक आपापल्या लाडक्या जोडीला कुठल्यातरी कारणानं खोटं लग्न करायला लावतात आणि मग घरात एकच पलंग असतो वगैरे. मी आईला म्हटलं की तुला आवडलेली मालिका याच जातकुळीची आहे, तेव्हा तिचे डोळे चमकले. आता ती साठी ओलांडलेली बाई प्रतिलिपीवर मराठी कथा वाचते आणि मला रेक पाठवते, सोबत व्हॉइस मेसेज, की यातला नायक चांगला आहे पण सासू उगीच वाईट केलीये.

स्टार ट्रेक या अंतराळातल्या अमेरिकन मालिकेचं थोडक्यात सांगते कारण ज्यांना माहितीये त्यांना सगळंच माहितीये. १९६७ मध्ये, मालिका चालू असतानाच, चाहत्यांनी 'स्पॉकॅनालिया' नावाचं घरगुती मासिक काढलं, त्यात कथा होत्या. पुढे मालिकेतल्या कर्क आणि स्पॉक या दोन पुरुष पात्रांच्या प्रेमकथा बायकांनी लिहिल्या, दोन नावांच्या मध्ये तिरकी रेघ मारायची पद्धत तिथूनच पडली आणि तिला स्लॅश हे नाव मिळालं. इंटरनेट नव्हतं, टपालानं अंक जायचे. आपल्याकडे दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या प्रेमाची हळुवार गोष्ट वाचायला मिळणं आत्ता आत्तापर्यंत किती कठीण होतं हे ज्यांना गरज होती त्यांनाच माहीत. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीनं स्वतःबद्दल घरी सांगायच्या आधी अशा शंभर गोष्टी वाचल्या होत्या, ती म्हणते त्या गोष्टींमध्ये शेवटी कुणी मरत नव्हतं ना, म्हणून धीर आला.

क्रॉसओव्हरवर मात्र मला सावकाश बोलायचंय, कारण सगळ्यात वाईट गोष्टी तिथेच लिहिल्या जातात आणि सगळ्यात चांगल्यासुद्धा. दोन जगं एकत्र आणायची तर दोन्हीकडचे नियम पाळायला लागतात. एका जगात जादू आहे आणि दुसऱ्यात नाही, मग जादू आली तर काय बिघडेल याचा विचार लेखकानं केलाय का? आणि दुसरं म्हणजे ती दोन पात्रं भेटून एकमेकांना काही देतायत का, का नुसती गर्दी. जुनं उदाहरण देते. कॉनन डॉयलनं १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलून मारला, वाचक चिडले, आणि १९०३ मध्ये त्याला होम्स परत आणायला लागला. तेवढ्यात फ्रान्समध्ये मॉरिस लब्लाँनं आपला चोर आर्सेन ल्युपाँ उभा केला आणि १९०६ मध्ये त्याची गाठ थेट होम्सशी घालून दिली. डॉयलनं हरकत घेतली तर पुढे नाव बदलून हर्लॉक शोल्म्स केलं! जगातला सगळ्यात हुशार चोर आणि सगळ्यात हुशार डिटेक्टिव्ह समोरासमोर, दोघांनाही पहिल्यांदाच आपल्या तोडीचा माणूस भेटलाय. क्रॉसओव्हर कशासाठी करायचा ते यात आलं. आणि लहान मुलांना लिहायला लावायचं असेल तर त्यांना फुरसुंगीच्या बनेश फेणेला घेऊन लिहू दे, सायकलवर टांग टाकून ट्टॉक करत तो कुठल्याही जगात घुसू शकतो. माझ्या भाचीनं त्याला मंगळावर नेलंय, तिथे हवा नाही म्हणून ट्टॉक ऐकूच येणार नाही का यावर घरात तासभर चर्चा झाली. शेवटी इंटरनेटवर बघितलं, हवा आहे पण फार विरळ आहे, म्हणजे अगदी बारीक ऐकू येईल.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. 'पण लक्षात कोण घेतो' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलीये, हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून 'करमणूक'मध्ये ती क्रमशः लिहिली. मी ती फार उशिरा, लग्न झाल्यावर वाचली. यमू आणि रघुनाथरावांचं मुंबईतलं बिऱ्हाड, तो तिला शिकवतो, दोघं एकमेकांशी बोलतात, खरंखुरं बोलतात, त्या काळातल्या नवराबायकोचं असं प्रेम मी कुठे वाचलं नव्हतं. आणि मग तो जातो, आणि सासरचे ते शंकरमामंजी, आणि जबरदस्तीनं उतरवलेले तिचे केस. मी पुस्तक मिटून ठेवलं आणि तीन-चार दिवस जेवताना सुद्धा डोळ्यांत पाणी यायचं, नवऱ्याला कळेना काय झालंय.

फॅनफिकमध्ये एक प्रकार असतो, फिक्स-इट, म्हणजे मूळ गोष्टीत जे सहन होत नाही ते दुरुस्त करायचं. आमच्या पाच जणींच्या ग्रुपमध्ये एकीनं लगेच लिहिली, त्यात रघुनाथराव आजारातून उठतात. गोड आहे, मी दोनदा वाचली, ज्यांना फक्त त्या बिऱ्हाडात अजून थोडं राहायचंय त्यांना मी तीच सुचवते. पण मला स्वतःला ते पुरेना. कारण रघुनाथराव वाचले तर यमू वाचते, पण मग तिचं वाचणं त्याच्या तब्येतीवरच राहिलं ना. मग मी साल बघितलं. १८९० मध्येच पंडिता रमाबाईंनी आपलं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आणलं होतं. म्हणजे ज्या वर्षी हरिभाऊ यमूची गोष्ट छापायला लागले त्याच वर्षी, त्याच गावात, विधवा मुलींनी राहून शिकावं अशी जागा होती! मी कर्वेनगरमध्ये राहते, रोज सकाळी बसला जाताना कर्व्यांच्या संस्थेवरून जाते, आणि मला तोपर्यंत हे कधी सुचलं नव्हतं. शारदा सदनात तेव्हा गोदूबाई होत्या, त्याही बालविधवा, ज्यांच्याशी धोंडो केशव कर्व्यांनी मार्च १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. कर्वे १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. तर माझ्या गोष्टीत यमू सदनात येते, तिची खाट गोदूबाईंच्या शेजारी आहे, केस बोटभर वाढलेत आणि ती सारखी डोक्यावरून पदर ओढते, गोदूबाई तिला एवढंच म्हणतात, इथे आरसा आहे, हवा तेव्हा बघ.

एकतीस भाग झाले. त्यात प्रेम आहे, सदनात पुस्तकं पोचवणारा एक विधुर मास्तर आहे, पण त्याला मी एकविसाव्या भागापर्यंत यमूशी बोलू दिलेलं नाही, फक्त पुस्तकात खुणेला ठेवलेली एक कागदाची पट्टी आहे जी दोघांनी काढली नाही. वाचणाऱ्यांपैकी काहींनी रागावून लिहिलं की यमूचं दुसरं लग्न नको, रघुनाथरावांवर अन्याय होतो. मी यावर खूप विचार केला. मला वाटतं यमू त्याला विसरली असती तर अन्याय झाला असता, आणि ती विसरत नाही. शिवाय १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून कितीतरी पालकांनी आपल्या मुली शारदा सदनातून काढून नेल्या, ते टाळून कसं चालेल, तेही घेतलंय, यमूला न्यायला कोण येतं ते मात्र इथे सांगत नाही.

याच गोष्टीचा एक क्रॉसओव्हर आमच्यातल्या तिसरीनं लिहिला आणि तो माझ्यापेक्षा चांगला आहे. होम्स धबधब्यात पडल्यानंतर तीन वर्षं गायब असतो, १८९१ ते १८९४, आपण तिबेटात होतो, इराणात होतो असं तो नंतर वॉटसनला सांगतो. आणि यमूची वर्षं तीच! म्हणजे एक नॉर्वेजियन प्रवासी म्हणून तो पुण्यात काही दिवस राहिला असेल तर दोन्हीकडच्या मूळ गोष्टीला धक्काही लागत नाही. तिच्या कथेत होम्स यमूला सोडवत बिडवत नाही, हे मला फार आवडलं. तो फक्त शंकरमामंजींच्या उपरण्यावरच्या शाईच्या डागावरून एक कागद कुठे दडवलाय ते ओळखतो आणि निघून जातो, पुढचं सगळं यमू स्वतः करते. शेवटच्या पानावर ती त्याला विचारते की तुमचं वाट बघणारं कुणी आहे का, आणि तो पहिल्यांदा उत्तर द्यायला वेळ लावतो. वॉटसन-होम्सच्या प्रेमकथा मी ढिगानं वाचल्यात पण त्या एका थांबण्यात जे आहे ते त्यात नव्हतं.

शिफारस कशी करावी याबद्दल दोन गोष्टी सांगते कारण चुकीच्या शिफारशीनं माणूस कायमचा दुरावतो. नुसतं भारी आहे वाच असं पाठवू नका. गोष्ट पूर्ण आहे का अर्धी ते आधी सांगा, दोन वर्षं पुढचा भाग न आलेली प्रेमकथा न सांगता कुणाच्या हातात देणं हे क्रूर आहे. मूळ पुस्तक किंवा मालिका माहीत नसताना कळेल का ते सांगा. कुणी मरतं का, मारहाण आहे का, शृंगार किती उघड आहे ते सांगा. आर्काइव्ह ऑफ अवर ओन, ज्याला सगळे एओथ्री म्हणतात, तिथे यातली बरीचशी माहिती गोष्टीच्या डोक्यावर टॅगमध्येच असते, सगळ्यांसाठी, मोठ्या मुलांसाठी, प्रौढांसाठी असे दर्जे असतात, त्यामुळे पालकांनी आधी तो दर्जा बघायला मुलांना शिकवावं, मी माझ्या भाचीला तेच शिकवलंय. ही जागा चाहत्यांनीच २००९ मध्ये उघडली, ना जाहिराती ना फी, आणि २०१९ मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला, म्हणजे विज्ञानकथेच्या जगातला सगळ्यात मानाचा. तिथे भाषेच्या यादीत मराठी आहे. मराठीत गोष्टी थोड्याच आहेत, आणि त्या वाढाव्यात ही माझी फार इच्छा आहे. खऱ्या नट-नट्यांच्या प्रेमाच्या कथा मात्र मी वाचत नाही आणि सुचवतही नाही, ती जिवंत माणसं आहेत, त्यांची घरं आहेत.

आणि कृपा करून गोष्ट कॉपी करून व्हॉट्सअपवर फिरवू नका. यमूच्या गोष्टीचा सातवा भाग मला एकदा माझ्याच सोसायटीच्या ग्रुपवर आला, खाली लिहिलेलं, लेखक अज्ञात. लोक त्यावर हात जोडलेले इमोजी टाकत होते आणि मला बोलताही येईना. लिंक पाठवा, आणि वाचून झाल्यावर लिहिणाऱ्याला दोन ओळी लिहा, तिला त्याखेरीज दुसरं काहीच मिळत नसतं.

हक्कांचं म्हणाल तर आपल्या १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. हरिभाऊ १९१९ मध्ये गेले, यमू केव्हाच आपल्या सगळ्यांची झाली. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, म्हणजे २०२४ च्या जानेवारीपासून चिमणराव आणि गुंड्याभाऊसुद्धा मोकळे झाले, त्यांच्यावर कुणीतरी लिहाच, चिमणराव आणि काऊ यांच्या संसारात किती प्रेम आहे हे विनोदाच्या आड राहून गेलंय. फास्टर फेणेचे भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, तिथे हक्क अजून आहेत, त्यामुळे बनेशच्या गोष्टी घरात लिहा, मित्रांना वाचून दाखवा, पण विकू नका.

तर संपादक महाशय, महिन्यातून एका रविवारी, पुस्तकांच्या पानाच्या कोपऱ्यात, चार गोष्टींची नावं, कुठे वाचायच्या ते, पूर्ण आहेत की नाही, आणि कुणाला आवडतील, एवढंच छापा. लिहायला माणसं मी देते, आम्ही पाच जणी आहोत, आई धरून सहा. पत्र फार लांबलंय हे कळतंय मला, जागेअभावी कापायचं झालं तर स्टार ट्रेक कापा, ऑस्टिनसुद्धा कापलीत तरी चालेल, पण शारदा सदन आणि गोदूबाई ठेवा, आणि १८९० हे साल ठेवा.

आपली,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे